वाकड्या सोलांची बुरुलचा एजे

आमच्या बालवाडीत आत शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर काचेत घातलेलं एक प्रशस्तिपत्र आहे. सोनेरी अक्षरं, खाली निळा गोल शिक्का. 'बालहस्तकला स्पर्धा, तालुक्यात पहिला क्रमांक.' मी इथली स्वयंपाकीण, शारकान. एकोणीस वर्षं रोज सकाळी याच दारातून आत येते, आणि गेली दीड वर्षं रोज सकाळी ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण ते खोटं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की ते खोटं आहे. तरी ते भिंतीवर आहे, आणि जिच्यामुळे ही भिंत उभी आहे ती आमची शिक्षिका बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, मात्र या इमारतीत नाही. हे कसं झालं ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. जेव्हा चढायला हवा होता तेव्हा चढला नाही, हे मी पुढं सांगणारच आहे.

बुरुलचा उन्हाळी कुरणावर जन्मली, पाच बहिणींत मधली. आई नमदे करायची, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड गालिचे. आमच्या सरोवराच्या दक्षिण काठाला नमदा कोण करत नाही? पण तिच्या आईचा नमदा असा असायचा की चाळीस वर्षं पायाखाली राहून फक्त मऊ व्हायचा. बुरुलचा कराकोल शहरात जाऊन शिक्षिकेचं शिकली, परत आली, आणि सामूहिक शेतीच्या बालवाडीत लागली. चार वर्षांत जुनी राजवट कोसळली, देशच बदलला. शेती मोडली, पगार थांबला, बालवाडीला कुलूप लागलं. मग कुलूप गेलं, दारं गेली, खिडक्यांच्या चौकटी गेल्या, आणि इमारतीत कुणीतरी मेंढ्या बांधल्या.

बुरुलचानं आपल्या घरातली पुढची खोली रिकामी केली आणि अकरा पोरं आत घेतली. सहा वर्षं. पगाराचं नाव नाही. कुणी बटाटे आणून द्यायचं, कुणी दही, कुणी काहीच नाही. तिचा नवरा तोकोन आके, आके म्हणजे दादा, तेव्हा म्हणायचा, "अगं, सरकारनं बंद केलं ना? मग तू कशाला उघडलंस?"

"सरकार बंद पडलं म्हणून पोरं जन्मायची थांबलीत का?" ती म्हणायची, आणि तो चुलीत शेणी सारायचा.

त्या दिवसांत खेळणी नव्हती, रंग नव्हते, कागद तर औषधाला नव्हता. लोकर होती. लोकर कुणी विकतही घेत नव्हतं, ओढ्याकाठी टाकून द्यायचे लोक. बुरुलचानं ती गोळा केली, धुतली आणि पोरांच्या पुढ्यात टाकली. चार-पाच वर्षांची पोरं. आधी नुसती पिंजायची बोटांनी. मग आडवा एक थर, उभा एक थर, परत आडवा. त्यावर साबणाचं गरम पाणी. मग दाबायचं, मग फडक्यात गुंडाळून लाटायचं, लाटायचं, हात दुखेस्तोवर लाटायचं. आणि मग बुटात आत घालायचा सोल तयार.

सोलच का? तर तिचा एक नियम होता. पोरानं केलेली वस्तू स्वतःच्या घरच्या फळीवर जायची नाही. ती दुसऱ्याला द्यायची. आणि द्यायच्या आधी त्या माणसाला काय हवंय ते त्यालाच जाऊन विचारायचं. आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल विचारा कुणालाही काय हवंय, पाय गार पडलेत एवढंच म्हणेल.

मी पहिल्यांदा बालवाडीत लागले त्या हिवाळ्यातलं सांगते. दारात टपालवाली उभी, आणि नाक वाहणारं एक पोरगं तिच्या बुटाशी गुडघ्यावर बसून सुतळीनं तिचा पाय मोजतंय. "एजे, हलू नका ना, माझी बोटं चुकतात," म्हणतंय. ती बाई पंचवीस वर्षं टपाल वाटत होती. तिच्या पायाला गारठा लागतो का हे तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं. भिंतीला धरून रडली ती. आठवड्यानं तिला सोल मिळाले, एक बोटभर लांब, दुसरा टाचेशी वाकडा. तिनं ते कापून सारखे केले नाहीत. तसेच घातले.

गावात सगळे बुरुलचाचे वाकडे सोल घालून फिरायचे. बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, दवाखान्यातली नर्स, दूध गोळा करणारा. लोक थट्टाही करायचे. "काय रे, लंगडतोस का?" "नाही, डाव्या पायात अस्कतचा पोरगा आहे, उजव्या पायात बेकसुलतानची पोरगी." पण पोरं मोजायला शिकली, थांबायला शिकली, बिघडलं तर पिंजून परत करायला शिकली. आणि समोरच्या माणसाच्या पायांकडे बघायला शिकली. मोठी झाल्यावर तरी आपण बघतो का?

मेंढ्या हाकलून इमारत परत मिळवायला ती तालुक्याला चौदा वेळा गेली. मी मोजलं नाही, ती सांगते, आणि ती खोटं बोलत नाही. शेवटी कागद मिळाला तेव्हा आत गुडघाभर लेंड्या साचलेल्या. आम्ही बायकांनी फावड्यानं उपसल्या. तोकोन आकेनं दारं बसवली. अशी ही बालवाडी.

आता दामिरा कुबातोव्नाकडे येते.

जुन्या मुख्याबाई निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत या आल्या. आमच्याकडे मोठ्या बाईला एजे म्हणतात, यांना ते चालेना. "मला बापाच्या नावासकट दामिरा कुबातोव्ना म्हणा. ही संस्था आहे, चुलत्याचं घर नाही." बरं बाई, कुबातोव्ना तर कुबातोव्ना. खोटं कशाला बोलू, त्यांनी कामंही केली. भिंती रंगवल्या, नव्या खाटा आणल्या, संडासात गरम पाणी आणलं. पण त्यांचं प्रत्येक काम फोनच्या डोळ्यासमोर व्हायचं. पोरांनी सूप प्यायचं ते फोटोसाठी, हसायचं ते फोटोसाठी. एकदा तर सूप निवलं तरी फोटो होईना, मग मी परत गरम करून आणलं.

जानेवारीत तालुक्याहून पत्र आलं. महिला दिनाआधी हस्तकलेची स्पर्धा. 'मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या भेटवस्तू.' तपासणीस प्रत्येक बालवाडीत येऊन बघणार.

दामिरा कुबातोव्ना बुरुलचाच्या वर्गात आल्या. फळीवर सोल वाळत होते, वीस-बावीस. त्यांनी एक दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा.

"हे काय आहे, एजे?"

"सोल. हा नर्सबाईंचा. ज्यानं केलाय त्यानं खाली अंगठ्याची खूण काढलीय, बघा."

"हे मी तपासणिसांना दाखवू?"

"त्यांनी पोरांच्या हातचंच मागितलंय ना? मग हेच आहे पोरांच्या हातचं."

"एजे, तुम्ही फार भोळ्या आहात," असं म्हणून त्या हसल्या. मी दारात दुधाचा डेचका घेऊन उभी होते. ते हसू मला तेव्हाच आवडलं नाही.

त्या फळीवर ऐपेरीचाही एक सोल होता. ऐपेरी साडेपाच वर्षांची. जन्मापासून तिचा डावा हात मुठीसारखा मिटलेला. आई मॉस्कोत रस्त्यावरचा बर्फ झाडते, बापाचा पत्ता नाही, आजीपाशी राहते. आजी म्हणजे उमसुनाय आपा, तोंडानं तिखट आणि पोटानं मऊ. ऐपेरी पहिल्या वर्षी कशालाच हात लावायची नाही. डावा हात कायम झग्याखाली. बुरुलचानं तिला कधी "हात बाहेर काढ" म्हटलं नाही. एक दिवस गरम पाण्याचं घमेलं ठेवलं आणि म्हणाली, "लोकरीला कोपर लागतं ग, बोटं कोण विचारतंय? माझी आई तर कोपरानंच लाटायची." पोरीनं कोपर टेकवलं, मग मनगट, मग गरम साबणात ती मूठ आपोआप थोडी सैल झाली. त्या दिवशी बुरुलचा स्वयंपाकघरात येऊन दोन कप चहा प्यायली.

ऐपेरीला विचारलं, कुणासाठी करायचं? "आईसाठी. ती म्हणाली तिथं पाय ओले होतात." मापाला आई नव्हती, म्हणून आईचा जुना बूट काखेत मारून पोर रोज बालवाडीत यायची. आली की बूट खिडकीत ठेवायची आणि कामाला लागायची. एक सोल करायला तिला तीन आठवडे लागले. दुसरा अर्धा झाला होता. फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या गल्लीतला एक जण मॉस्कोला निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवायचे ठरले होते.

तपासणीस यायच्या आदल्या दिवशी दामिरा कुबातोव्नानी बुरुलचाला कराकोलला कसल्याशा बैठकीला पाठवलं. तशी बैठक नव्हतीच, 'उद्या या' म्हणून तिला रात्रभर तिथं थांबवलं, हे नंतर कळलं. ती गेली आणि इकडे त्यांनी गाडीतून दोन खोकी उतरवली. आत नमद्याच्या बाहुल्या, घोडे, उंट, इवली घरं. काय काम होतं! घोड्याच्या आयाळीचा केस न् केस वेगळा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली: अमुक, वय पाच. तमुक, वय सहा.

फळीवरचे सोल पोत्यात गेले आणि पोतं बॉयलरच्या खोलीत गेलं. थोड्या वेळानं जळक्या लोकरीचा वास आला. तो वास लपत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला, पिठात शिरला.

आणि मग मी जे ऐकलं ते सांगते. माझ्या आणि वर्गाच्या मधे जेवण द्यायची लहान खिडकी आहे. दामिरा कुबातोव्नानी पोरांना ओळीत उभं केलं.

"ऐपेरी, हे काय आहे?"

"बाहुली."

"कुणी केली?"

पोरीनं रिकाम्या फळीकडे पाहिलं.

"'मी केली' म्हणायचं. काय म्हणायचं?"

"मी नाही केली. माझा तो सोल आहे. तिथं होता."

"तो छान नव्हता, राजा. तो दाखवला तर लोक हसतील. ही बघ किती सुंदर आहे. तुझ्या आईला फोटो पाठवू, ती खूश होईल. कुणी केली?"

असं तीनदा. चौथ्या वेळी पोर म्हणाली, "मी केली." त्या म्हणाल्या, "शाब्बास!" आणि तिच्या हातात चॉकलेट दिलं.

मी काय करत होते? दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होते. कढईत तेल तापलेलं, हात चाललेले, आणि तोंडाला कुलूप. नोकरी जाईल ही भीती. माझ्या वयाच्या बाईला या गावात दुसरी नोकरी कुठली? लोक म्हणतात तुझा काय दोष, तू स्वयंपाकीण. पण माझे कान तर स्वयंपाकी नव्हते ना! मी ऐकलं आणि मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी तपासणीस आले, बोरसोक खाल्ले, बाहुल्यांचे फोटो काढले. एकानंही विचारलं नाही की साडेपाच वर्षांची एका हाताची पोर एवढा बारीक टाका कसा घालते. विचारायचंच नव्हतं त्यांना.

बुरुलचा त्याच दुपारी परत आली, दारातच पोरांनी तिला बाहुल्यांचं आणि चॉकलेटचं सांगितलं, आणि ती थेट फळीपाशी. मग नाकानं वास घेत बॉयलरच्या खोलीत. राखेत हात घालून चाचपलं, काही नव्हतं. तशाच काळ्या हातांनी ती मुख्याबाईंच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं.

"सोल कुठं आहेत?"

"एजे, आधी बसा. हात तरी धुवा."

"पोरांचे सोल कुठं आहेत, दामिरा?" एजे नाही, कुबातोव्ना नाही. नुसतं दामिरा.

"तुम्ही एवढं का मनाला लावून घेता? सगळ्या बालवाड्या असंच करतात. शिक्षक करतात, आईबाप करतात, बाजारातून आणतात. आपणच वाकडंतिकडं पाठवायचं? आपल्या मुलांचं हसं करून घ्यायचं? मी हे मुलांसाठीच केलंय."

"मुलांसाठी? तुम्ही त्यांना दोन गोष्टी शिकवल्यात काल. तुझ्या हातचं जाळायच्या लायकीचं आहे, ही एक. आणि खोटं बोललं की चॉकलेट मिळतं, ही दुसरी. मी वर्षभर मान मोडून जे शिकवते ते तुम्ही एका सकाळीत पुसलंत."

"आवाज कमी करा. मुलं ऐकतील."

"ऐकू देत! काल त्यांना ऐकवताना नाही वाटलं?"

मॉस्कोला जाणारा माणूस निघून गेला. त्याच्याबरोबर काहीच गेलं नाही. ऐपेरीनं आईचा बूट घरी नेला आणि परत आणला नाही. लोकर पुढ्यात ठेवली की हात झग्याखाली. "मला नाही येत. ती मोठी बाहुली छान आहे," एवढंच म्हणायची.

तिकडे फोटो झाल्यावर घरी दिलेली बाहुली उमसुनाय आपानं टीव्हीवर मांडलेली. येईल त्याला हात धरून दाखवायची, "माझ्या नातीनं केली, या एका हातानं!" आणि पोर गादीच्या थप्पीमागे जाऊन बसायची. बुरुलचा त्यांच्या घरी गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. मी बरोबर होते, खिडकीतून ऐकलेलं मी वाटेत तिच्या कानावर घातलं होतं. आपानं चहाचा वाडगा खाली आपटला.

"तू हे मला सांगायला आलीस? माझ्या आयुष्यात आनंदाच्या गोष्टी काय पन्नास आहेत? एक होती, तीही काढून घेतलीस!"

"आपा, ती तुमची नव्हतीच. कुणाची तरी चोरलेली होती."

"म्हणजे माझी नात खोटारडी?"

"नात नाही. तिला चार वेळा विचारून खोटं बोलायला लावलं. तीनदा ती खरंच बोलली होती. शारकान, सांग ना."

मी सांगितलं. लोकांपुढं पहिल्यांदा मी तोंड उघडलं ते तिथं, त्या गादीच्या थप्पीसमोर, आणि थप्पीमागून पोरीचा हुंदका आला. आपा उठली, बाहुली टीव्हीवरून काढली, कपाटात उलटी ठेवली, आणि मग पोरीला बाहेर ओढून एवढं घट्ट धरलं की पोर म्हणाली, "आपा, श्वास."

बुरुलचा तालुक्याच्या कचेरीत गेली. ज्या साहेबानं तिचं ऐकलं त्यानं तिला चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाला, "एजे, तुम्ही एकोणसाठ वर्षांच्या. एक वर्ष उलटून गेलं निवृत्तीचं. नातवंडं सांभाळा, आराम करा. एका बाहुलीवरून संस्थेचं नाव कशाला खराब करता?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. संस्थेचं नाव तिनं खराब केलं म्हणे! ज्या संस्थेच्या लेंड्या तिनं फावड्यानं उपसल्या!

महिला दिनाच्या आधी निकाल लागला. पहिला क्रमांक. तालुक्याच्या पेपरात फोटो आला, पोरं आणि बाहुल्या. पोरांच्या तोंडावर हसू होतं, ते कसं आणलं होतं ते मला माहीत होतं.

आणि त्या पेपरामुळेच पुढचं घडलं. चार दिवसांनी स्वयंपाकघराचं मागचं दार धाडकन उघडलं. उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्याला गर्द लाल रुमाल बांधलेली बाई, हातात पेपर.

"कोण आहे इथली ती पाच वर्षांची चोरटी?"

"कोण तुम्ही?" मी म्हटलं.

"मी झीनात. पलीकडच्या गावची. हा घोडा माझा. हा उंट माझा. ही बाहुली तर मी माझ्या लेकीच्या चेहऱ्यावरून केलीय! तुमची बाई आली, म्हणाली परदेशी पाहुण्यांना भेट द्यायच्यात, भाव जरा कमी करा. मी कमी केलं. आणि इथं खाली कुणाचं नाव? वय पाच! तीस वर्षं डोळे फोडून मी शिवायचं आणि नाव कुठल्या चिमुरडीचं? बोलाव तिला. बघू दे मला तो चमत्कार."

पोरं तेव्हा जेवायला येत होती. ऐपेरी शेवटी, डावा हात झग्याखाली. मी म्हटलं, "ही बघा ती. तुमची बाहुली केलेली."

झीनातनं तिच्याकडे पाहिलं. त्या झग्याकडे पाहिलं. पेपर हळूहळू खाली आला. मग ती माझ्या बटाट्यांच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "पाणी दे ग जरा." मी पाण्याऐवजी तिला बुरुलचाकडे नेलं.

त्या दोघींचं काय बोलणं झालं माहीत नाही, पण पालकांच्या सभेला दोघी शेजारी शेजारी बसल्या. बुरुलचानं झालेलं सगळं सांगितलं. झीनातनं पिशवीतून अर्धवट बाहुल्या काढून टेबलावर मांडल्या, तोच चेहरा, तोच टाका. मला वाटलं, आता संपलं, आता लोक उठतील आणि दामिरा कुबातोव्नाला जाब विचारतील.

कसचं काय! एक बाप उठला. "झालं ते झालं. पहिल्या क्रमांकामुळे आता नवीन झोपाळे येणार आहेत. ते थांबवायचे का?" एक आई म्हणाली, "माझ्या मुलाला लोकर लाटून काय करायचंय? त्याला इंग्रजी शिकवा." कुणी म्हणालं, "एजेंना नव्या बाईंचा हेवा वाटतो." माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. यातल्या निम्म्यांचे पाय ती बोलत होती तेव्हा तिच्या पोरांच्या सोलांवर उबेत होते! आणि जे बोलले ते सगळे तिच्याच पुढच्या खोलीत वाढलेले!

मी भिंतीला टेकून उभी होते. कशी पुढं आले आठवत नाही. म्हणाले, "मी ऐकलंय. पोरगी तीनदा नाही म्हणाली. मी खिडकीपलीकडे बोरसोक तळत होते आणि मी गप्प बसले. आज तुम्ही झोपाळ्यांसाठी गप्प बसा. उद्या हीच पोरं मोठी होऊन तुमच्याशी खोटं बोलतील तेव्हा विचारू नका कुठं शिकली." आवाज चिरकला. मग टपालवाली उठून बुरुलचाच्या मागे जाऊन उभी राहिली. मग नर्स. मग उमसुनाय आपा. एवढीच. बाकीच्यांनी खुर्च्या सरकवल्या आणि घरी गेले.

एक एप्रिलला बुरुलचा एजेला निवृत्तीचं पत्र आलं. वर फुलांचा गुच्छ. तो तिनं मला दिला, म्हणाली, "तुझ्या गाईला घाल." मला काढलं नाही, कारण तीस पोरांचं रांधायला दुसरं कुणी मिळत नव्हतं. आणि दामिरा कुबातोव्ना? त्यांना शरद ऋतूत बढती मिळाली. आता त्या तालुक्याच्या कचेरीत बसून तीच स्पर्धा भरवतात. झोपाळे अजून आलेले नाहीत.

बुरुलचा दोन आठवडे घराबाहेर पडली नाही. तोकोन आके चिंतेत. मग एका रविवारी झीनात पलीकडच्या गावाहून मिनीबसनं आली, लोकरीचं गाठोडं घेऊन, आणि फाटकातूनच ओरडली, "म्हातारे, झोपलीस का मेलीस? घमेलं काढ!"

अंगणात पहिल्या रविवारी सात पोरं आली, दुसऱ्या रविवारी तीन. आईबापांना भीती, बालवाडीतून नाव कापलं जाईल. या दोघींनी तिघांनाच शिकवलं. मग पाच झाली, मग नऊ. ऐपेरीला आजी आणून सोडायची. ती महिनाभर कोंबड्यांच्या खुराड्याकडे तोंड करून बसली. कुणी हाक मारली नाही. बुरुलचानं मला बजावलं होतं, "शारकान, तिला गोड बोलून बोलवायचं नाही. गोड बोलून एकदा काय झालं ते पाहिलंस ना?"

मे महिन्यात एकदा झीनात मोठा तुकडा लाटत होती. मधेच थांबली, खांदा चोळला आणि शिवी हासडली, खरोखरची, कारण तिचा खांदा खरोखरच दुखतो. "मेलं हे कोपर! आता उरलेलं कोण लाटणार, माझा बाप?"

ऐपेरी उठली. झग्याखालून हात काढला आणि कोपर टेकवलं. झीनात तिला जागा द्यायला सरकली आणि दुसऱ्याच कुणाला तरी ओरडायला लागली, लोकर सांडली म्हणून. बुरुलचा विहिरीकडे पाणी आणायला गेली. बादली भरायला तिला एरवी इतका वेळ लागत नाही.

आईचे सोल जूनमध्ये पुरे झाले. मॉस्कोत तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता. तरी पाठवले. डिसेंबरात आईचा फोन आला, आपानं तो मोठ्या आवाजावर लावला. "डावा जाड झालाय ग सोने, उजवा पातळ. उजव्या पायात मी दोन मोजे घालते. आज सहा तास रस्त्यावर होते, पाय कोरडे." ऐपेरी म्हणाली, "उजवा परत करून पाठवते. तो घाईत केला होता." एवढंच. आम्हा बायकांची मात्र डोळे लपवायची पंचाईत झाली.

आता अंगणात रविवारी सोळा पोरं असतात. बालवाडीत त्या नव्या खाटांवर तीस पोरं झोपतात आणि फळीवर बाजारातली फुलं असतात. दोन्हीकडे मी असते, आठवडाभर बालवाडीत, रविवारी अंगणात, आणि आता मी कुणालाही घाबरत नाही, काढायचं तर काढा.

या सप्टेंबरात ऐपेरी शाळेत गेली. परवा संध्याकाळी आपा वही घेऊन बुरुलचाकडे आली. अक्षरं वाकडी म्हणून शाळेतल्या बाईंनी पानावर तांबडी फुली मारलेली आणि सगळ्या वर्गाला दाखवलेलं. वही उजव्या हातानं लिहिलेली, कागद डाव्या मुठीनं दाबलेला, म्हणून सरकलेला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

बुरुलचानं वही दोनदा उलटसुलट केली. खुंटीवरून कोट काढला, घातला, गुंड्या लावल्या.

"आत्ता, बाईंच्या घरी?" तोकोन आके म्हणाला. "उद्या जा की. शाळा कुठं पळते?"

"शाळा नाही पळत. पोरीचा हात पळतोय परत झग्याखाली." मग माझ्याकडे वळली. "आणि तू काय बघतेस? चल. या वेळी मी बोलायच्या आधी तू बोलायचंस."

मी गेले.